सुईवरचा आळ

चिकलठाण्याच्या या घराण्याची वंशावळ भाटाच्या वहीत पुरुषांच्या नावांनी लिहिलेली आहे. ती तशीच राहू द्यावी. आपण मात्र चुलीकडून मोजू. कडूबाईंची सून लक्ष्मीबाई, लक्ष्मीबाईंची सून केसरबाई आणि केसरबाईंची सून द्वारकाबाई. निजामाच्या अमदानीत कडूबाई ज्वारीच्या काढणीत बांधावर बाळंत झाल्या आणि संध्याकाळी पेंढ्या बांधायला उभ्या राहिल्या, असे सांगतात. लक्ष्मीबाईंची नऊ बाळंतपणे झाली. दिवसाउजेडी त्यांना अंथरुणावर पाहिलेला माणूस गावात नव्हता. केसरबाई उतारवयात विळ्यासारख्या वाकल्या आणि स्वतःच्या पावलांकडे पाहत चालू लागल्या. "बाई, पाठ दुखत असेल," असे कुणी म्हटले, की त्या उत्तर देत, "दुखाया पाठ हाय कुणाला? ती सासरी येताना येशीभाईर ठिवून आले!"

हे उत्तर त्या घरात पुढे मोठ्या कौतुकाने सांगितले जाई. जमीन प्लॉट पडून विकली गेली, धाब्याच्या घराच्या जागी दुमजली बंगला उभा राहिला, बैलांच्या जागी मोटार आली. पण 'आमच्या घरची बाई पाठ टेकत नाही' हा अभिमान द्वारकाबाईंनी देव्हाऱ्यातल्या टाकांइतकाच जपला.

अशा घरात रूपाली सून होऊन आली. अजिंठ्याकडच्या साध्या शेतकऱ्याची ती मुलगी. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ. मुलगा ऋतुराज शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीने जाणारा. लग्नाला वर्ष होते न होते तोच द्वारकाबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले आणि जन्मात पहिल्यांदा द्वारकाबाईंची पाठ पलंगाला लागली, ती नव्वद दिवस!

त्या नव्वद दिवसांत रूपालीने काय केले नाही? शौचाला भांडे दिले, न्हाऊ घातले, वेणी घातली. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतील, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून ती सकाळ-संध्याकाळ सासूला कुशीवर वळवी आणि पावडर लावून मानेपासून कमरेपर्यंत मणक्यामणक्यावरून तळवा फिरवी. एके दिवशी द्वारकाबाईंना गहिवर आला. पण गहिवरसुद्धा त्यांना हुकमाच्या स्वरातच येई.

"ऐक. केसरबाईची सून कुणाचं ठेवून घेत नसती. तुझं हे ऋण मी फेडीन. जसंच्या तसं."

"असू द्या, आत्याबाई," रूपाली हसून म्हणाली होती. "आधी पाय टेका. मग बघू."

द्वारकाबाईंनी पाय टेकला, त्या हिंडूफिरू लागल्या, आणि दिलेला शब्द विसरल्या. सज्जनहो, बरे वाटू लागले की सेवा करणारा हात विसरणे, हा आपणा सर्वांचाच जुना रोग आहे!

पुढच्या वर्षी रूपालीला दिवस गेले. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावू लागले. डॉक्टरांनी कण्यात भुलीची सुई देऊन ऑपरेशन केले आणि श्रेयाचा जन्म झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पण द्वारकाबाईंनी दवाखान्याच्या ओसरीतच निकाल देऊन टाकला.

"कण्यात सुई? मंग झालंच! पोरीची कंबर जन्माची कामातून गेली."

सुरुवातीला सुईची जागा आठ-दहा दिवस ठणकली आणि थांबली. पुढे आठ महिने रूपालीने पाठीविषयी तक्रार केली नाही. मात्र श्रेया रांगू लागली त्या सुमारास एक नवे दुखणे सुरू झाले. दिवसा ते सोसवे, निजल्यावर वाढे.

"आत्याबाई, पाठ लई दुखायली," ती एका सकाळी म्हणाली.

"दुखणारच. सुई हाय ती. मी काय सांगितलं व्हतं?"

"सुईचं तवाच थांबलं व्हतं. हे येगळं वाटतंय."

"येगळं कसं असंल? आता तू मला शिकवणार व्हय?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा त्या निकालावर शिक्कामोर्तब झाले. शेजारच्या गयाबाई म्हणाल्या, "माझ्या धाकटीची बी तीच गत. सुई घेतली तवापून बादली उचलंना." दुसरी म्हणाली, "माझी तर थंडीत सुई अजून आत फिरतीया, माय!" तिसरीने तिळगुळाचा लाडू फोडत विचारले, "मंग भाकरी कोण करतं तुझ्या घरी? सुई का?" सगळ्या हसल्या. रूपालीही हसली. तिच्या हातातल्या बांगड्या एव्हाना कोपरापर्यंत वर सरकत होत्या. ते मात्र कुणी पाहिले नाही.

त्या घरी दुखण्यावर औषध ठरलेले होते. द्वारकाबाईंनी बिब्बा तापवला, रूपालीला पालथे निजवले आणि डॉक्टरने सुई टोचली होती तिथे, कमरेवर, बिब्ब्याचे पाच चटके दिले. "सुईचा वारा भाईर पडंल आता." संध्याकाळी अंगात कणकण येई, तेव्हा "अंगावर पाजणारीला येतीच" असे ठरले. अन्न जाईना, तेव्हा "आजकालच्या पोरींना जेवायचंच नसतं" असे ठरले. ऋतुराजने एकदोनदा मोठ्या दवाखान्याचे नाव काढले.

"डॉक्टर काय सुई काढून देणार हाय का परत?" आईने विचारले. रात्रपाळीहून आलेला ऋतुराज गप्प बसला. गप्प बसणे त्याला सोयीचे होते. आपल्याकडे किती पुरुष असे सोयीने गप्प बसतात!

अशी मुलगी वीस महिन्यांची झाली.

चिकलठाणा आता शहरातच मोडत होते, आणि शहरात नळाला पाणी आठव्या दिवशी येते. पाण्याच्या दिवशी त्या घरात देवपूजासुद्धा मागे पडे. त्या सकाळी नळाला जोर नव्हता, मोटर ओढत नव्हती. म्हणून रूपाली हौदातून हंडे भरून जिन्याने वर नेत होती. गेला महिनाभर तिचे पाय जिन्यावर अडखळत होते. ती भिंत धरून चढे. चौथ्या हंड्याला ती पाचव्या पायरीवर थांबली. हंडा सुटला, खणखणत खाली आला आणि त्याच्या मागोमाग रूपाली.

"डोळे कुठं व्हते गं?" द्वारकाबाई ओरडल्या. "आठ दिवसांचं पाणी ते!"

रूपाली ओल्या फरशीवर बसली होती. तिने आपल्या पायांना हात लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला.

"आत्याबाई," ती अगदी हळू म्हणाली, "पाय कळंनात मला."

जालना रस्त्यावरच्या ज्या रुग्णालयात श्रेया जन्मली, तिथेच ऋतुराजने मोटार नेली. रूपालीला स्ट्रेचरवर घेतले जात असताना द्वारकाबाई पदर खोचून मधोमध उभ्या राहिल्या.

"सुई टोचणारी बाई कुठंय? बोलवा तिला! माझ्या सुनेचा कणा मोडला तिनं!"

शस्त्रक्रियागृहातून हिरव्या कपड्यांतली, पन्नाशीची एक बाई बाहेर आली. चष्मा गळ्यात लोंबत होता. त्या भूलतज्ज्ञ डॉ. रत्नमाला साळवे.

"मीच ती, आजी. भांडू आपण, मला वेळ आहे. पण आधी तिला कुशीवर वळवू."

त्यांनी रूपालीची पाठ उघडी केली. कमरेवर बिब्ब्याचे पाच काळे गोल डाग होते.

"हे कुणी केलं?"

"मी. तुमची सुई उतरवायला."

"जागा बरोबर हेरलीत. सुई इथंच टोचली होती मी." मग त्या रूपालीच्या कानाशी वाकल्या. "बाळा, तुला दुखतं कुठं?"

रूपालीने हात मागे नेला. तो पोचेना. "लई वर... पात्यांच्या खाली."

डॉक्टरांचे बोट एकेक मणका चढत गेले. बिब्ब्याच्या डागांपासून वीतभर वर ते थांबले, आणि रूपाली किंचाळली. डॉक्टरांनी मुकाट्याने द्वारकाबाईंचा हात धरला आणि त्या जागेवर ठेवला. कातडीखाली सुपारीएवढा उंचवटा होता. मणका आत खचून मागे वर आला होता.

"बिब्बा खाली आणि दुखणं वीतभर वर," डॉक्टर म्हणाल्या. "या जागेवर घरातल्या कुणाचा हात लागला होता का कधी?"

ऋतुराज फरशीकडे पाहत राहिला.

"दुखणं सुरू कधी झालं?"

"पोरगी रांगाया लागली तवा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण सुईचंच ते."

"म्हणजे आठ महिन्यांनी. आजी, माझी सुई आठ महिने दबा धरून बसली होती का?"

"समद्याच बायका सांगतात!"

"सांगतात खऱ्या. सुईची जागा काही दिवस, फार तर काही आठवडे दुखते. सुईनंतर डोकं फार ठणकलं, ताप आला, पायात जोर राहिला नाही, तर तेव्हाच धावत आलं पाहिजे. पण महिनोन् महिने कंबर दुखते ती पोटाचे स्नायू सैल पडल्यानं, वाकून पाजल्यानं, ओझी उचलल्यानं. ज्यांना सुई दिलीच नाही त्या बाळंतिणींचीही दुखते. तुमच्या सासूबाईंची पाठ कशी होती?"

"वाकली व्हती," द्वारकाबाई नकळत बोलून गेल्या.

"त्यांना कुणी दिली होती सुई?"

द्वारकाबाईंच्या डोळ्यांसमोर केसरबाई उभ्या राहिल्या, जमिनीकडे पाहणाऱ्या. कडूबाई, लक्ष्मीबाई, केसरबाई! तिघींपैकी कुणालाही सुई ठाऊक नव्हती, आणि तरी केसरबाईंची पाठ गेली होती; आधीच्या दोघींची कशी होती, हे कुणी विचारलेच नव्हते.

"आणखी एक विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या खुब्याच्या ऑपरेशनला भूल कुणी दिली होती?"

"मला झोपवलं व्हतं."

"झोप मागून लागली. आधी सुई दिली होती, तुमच्याही कमरेत, मीच. टेबलावर तुम्ही मला आडनाव विचारलंत. मी 'साळवे' म्हटल्याबरोबर डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, इतक्या लवकर भूल चढली!" त्या क्षणभर हसल्या. "तुमची पाठ दुखते?"

द्वारकाबाईंचा हात आपोआप स्वतःच्या कमरेकडे गेला. तीन वर्षांत एकदाही दुखली नव्हती. तीच सुई! तीच जागा! तोच हात! आणि ही पाठ धडधाकट, ती पाठ मोडलेली! मग सुई कसली आणि काय कसले!

एमआरआय झाला, सुई घालून तपासणीचा नमुना घेतला गेला. मणक्याचा क्षय निघाला. पू साचून मज्जारज्जू दबला होता.

"आमच्या घरात क्षय?" द्वारकाबाईंचा आवाज प्रथमच खाली आला होता.

"तो घर विचारत नाही, आजी. आडनावही विचारत नाही. रोज संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, निजल्यावर वाढणारं दुखणं, शेवटी पाय अडखळणं... तिचं शरीर वर्षभर हाका मारत होतं. सहा महिने आधी आला असतात, तर बहुधा गोळ्यांवर भागलं असतं. आता पाठ उघडावी लागेल. औषध वर्षभर तरी चालेल. पाय परत येतीलच, असा शब्द मी देत नाही."

शस्त्रक्रियेला नेण्यापूर्वी द्वारकाबाई स्ट्रेचरपाशी गेल्या. रूपालीच्या डोळ्यांत राग असता तर त्यांना सोसला असता. तिथे राग नव्हता, काहीच नव्हते.

"मी सांगत व्हते, आत्याबाई," ती एवढेच म्हणाली.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे ती करणारे डॉक्टर म्हणाले. पण घरी आली ती बेंबीपासून खाली जाणीव नसलेली रूपाली. तिला पलंगावर ठेवले. योगायोग पाहा, तोच पलंग, तीच खिडकीकडची भिंत. श्रेया पलंगाला धरून उभी राही, आईचा अंगठा ओढी, आणि आईला ते डोळ्यांनी पाहूनच कळे.

समाचाराला बायका आल्या. गयाबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "सुईनं घात केला बाई पोरीचा. द्वारकाबाई, तुमचं बी वय झालं. तिला माहेरी पोचवा. ऋतुराजला उभा जन्म काढायचाय."

पूर्वीच्या द्वारकाबाई कदाचित मान डोलावत्या. आज त्या उठून उभ्या राहिल्या.

"गयाबाई, सुईचं नाव पुन्यांदा काढायचं नाय या घरात. सुईनं घात नाय केला. मी केला!" गयाबाईंचा पदर डोळ्यांशीच राहिला. "सुईवर आळ घातला की कुणाला उठाया नको, बघाया नको, दवाखान्याची पायरी नको. पोरगी 'दुखतंय' म्हणत व्हती आणि मी तिला माझ्या सासूचं बोलणं ऐकवत व्हते. माझी सासू हसत बोलायची खरी. पण रातच्याला भिंतीकडं तोंड करून कण्हायची, ते मी ह्या कानांनी ऐकलंय. ते कुणाला सांगितलं नाय आजवर. आणि तुमच्या धाकटीला उद्या दवाखान्यात दाखवा. दुखतं तिथं आधी हात लावून बघा. माहेरी कुणी जाणार नाय."

ऋतुराज दारात उभा होता. त्याने प्रथमच सर्वांसमोर तोंड उघडले. "आई, एकटी तू नाय. मीबी मुका बसलो." त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी हंडे त्याने वाहिले. सातव्या हंड्याला तो जिन्यात बसला आणि त्याने कमरेला हात लावला. वरून रूपालीने विचारले, "सुई टोचली व्हय?" शस्त्रक्रियेनंतर तिने केलेली ती पहिली थट्टा. दोघेही हसले आणि मग दोघांनाही हसवेना.

द्वारकाबाईंनी आपला शब्द आठवला. जसंच्या तसं. रूपाली घरी आली त्याच्या दुसऱ्याच पहाटेपासून त्यांनी पदर खोचला होता. भांडे दिले, न्हाऊ घातले, वेणी घातली, वेळेवर गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ त्या रूपालीला कुशीवर वळवीत, पावडर लावीत, आणि टाक्यांची ओळ सांभाळून मणक्यामणक्यावरून तळवा फिरवीत खाली येत.

"कुठवर कळतंय?"

"तिथवर. आता नाय कळत."

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. महिना गेला. डॉ. साळवे दोनदा घरी येऊन पाहून गेल्या; द्वारकाबाईंनी त्यांना देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर बसवून जेवू घातले आणि वाढताना मान वर केली नाही. दुसरा महिना गेला. कधी कधी तळवा फिरवता फिरवता त्या म्हाताऱ्या बाईचा हात थांबे. डोळ्यांतले पाणी त्या पाठीवर पडे, आणि ते जिथे पडले तिथे रूपालीला कळतही नसे. वाचकहो, याहून मोठी शिक्षा कोणत्या न्यायालयात असेल?

म्हणून या कथेतला बोध मी स्वच्छ शब्दांत सांगते. बाईचे दुखणे हे तिच्या पदरी घातलेले वाण नव्हे आणि सोसणे हा घराण्याचा दागिना नव्हे. कण्यातल्या सुईला दोष देऊन तिचे गाऱ्हाणे मिटवू नका. सुई मुकी आहे, म्हणून आळ सोसते. तुमच्या घरची मुलगी 'पाठ दुखते' म्हणाली, तर सासूबाईंची गोष्ट सांगू नका, बिब्बा तापवू नका. तिच्या हातातला हंडा काढून घ्या, तिला विचारा 'कुठे?' आणि तिने दाखवलेल्या जागेवर हात ठेवा. मग तिला डॉक्टरकडे न्या, आजच न्या. उद्या नेलेत, तर कदाचित नुसता हात ठेवणेच तुमच्या नशिबी उरेल.

नव्वदाव्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी रूपालीला कुशीवर वळवले. पाय अजून लाकडासारखेच होते. ते कधी हलतील, हे कुणी सांगत नव्हते. मानेपासून तळवा निघाला. उंचवट्याच्या जागेवरून, टाक्यांच्या वणावरून तो हळूहळू उतरत कमरेशी आला. हल्ली तिथे पोचल्यावर द्वारकाबाई प्रश्न विचारीनाशा झाल्या होत्या.

"आत्याबाई."

"काय गं?"

"तुमचा हात बिब्ब्याच्या डागांवर हाय का?"

द्वारकाबाईंचा हात जागच्या जागी थिजला. हाताखालीच पाच काळे गोल डाग होते.

"व्हय," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुला... कळला?"

"कळला. खरबरीत हाय तुमचा हात." रूपालीचे तोंड भिंतीकडेच होते. "आज नव्वद झाले, नाय का? मी बी मोजत व्हते."

द्वारकाबाईंनी त्या डागांवर कपाळ टेकले. आयुष्यात कुणापुढे न वाकलेली ती पाठ वाकली, आणि वाकून तशीच राहिली.

"उठा, आत्याबाई," रूपाली म्हणाली. "फिटलं तुमचं. समदं फिटलं."